लेकरांचं काय?

कारखान्यात संप झाला की मालकाचा माल अडतो. एसटीचा संप झाला की दुसऱ्या दिवशी पेपरच्या पहिल्या पानावर येतो. अंगणवाडी बंद पडली तर मुंबईत कुणाचंच काही अडत नाही. अडतं ते ज्या घरात तीन वर्षांचं लेकरू आहे आणि ज्या घरची बाई दिवस उगवायच्या आत तूर सोंगायला निघाली आहे, त्या घराचं. संपावर जाताना आम्हा सेविकांच्या पोटात गोळा येतो तो याच घराच्या काळजीनं.

मी केनवडच्या एका अंगणवाडीत सेविका आहे. वाशीम जिल्ह्यातल्या रिसोड तालुक्यातलं, मालेगाव–मेहकर रस्त्यावरचं हे गाव. सोयाबीन, तूर, हरभरा यांवरच बहुतेकांचं वर्ष निघतं. २०२३ च्या नोव्हेंबरअखेरीस आमच्या भागाला अवकाळीनं झोडपलं होतं. डिसेंबर लागला तेव्हा लोकांच्या हातात पैसा नव्हता आणि मनं उदास होती. त्याच डिसेंबरच्या ४ तारखेपासून अंगणवाडी कर्मचारी कृती समितीनं राज्यभर बेमुदत संप पुकारला.

सेविकेला तेव्हा महिना १० हजार रुपये मिळत होते आणि मदतनीस ताईला साडेपाच हजार. तेही त्याच वर्षी मार्चच्या बजेटमध्ये वाढले म्हणून. त्याआधी सेविकेला ८,३२५ आणि मदतनिसाला ४,४२५ होते. आमचं मागणं सेविकेला २६ हजार, मदतनिसाला २० हजार, ग्रॅच्युइटी, दरमहा पेन्शन आणि कामापुरता धड चालेल असा मोबाइल, एवढं होतं. राज्यात अंगणवाड्या एक लाखाच्या वर आणि सेविका-मदतनीस मिळून आम्ही दोन लाखांच्या घरात. एवढ्या बायकांनी एकाच दिवशी काम थांबवणं ही लहान गोष्ट नाही.

पहिल्याच संध्याकाळी मदतनीस ताई आणि मी वस्तीत निघालो. कुलूप लावून घरी बसलो असतो, तर गावानं आपल्या मनानं अर्थ लावला असता, आणि तो आमच्या बाजूचा नसता. तिसऱ्या-चौथ्या घरी एक आजी ओट्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांचा नातू माझ्या पटावर. त्यांनी हातातलं काम थांबवलं नाही. म्हणाल्या, "बाई, तुमचा पगार वाढंल, चांगलंच हाय. पण माह्या नातवाच्या खिचडीचं काय? तो काहून उपाशी ऱ्हाईल?"

मी उभीच राहिले. असं विचारणारं कुणीतरी भेटणार हे मला माहीत होतं, तरी ऐकताना घशात अडकलं. मग मी खाली बसले आणि त्यांना हिशोब सांगितला. अंगणवाडीतल्या साध्या लेकरामागं सरकार तेव्हा दिवसाला आठ रुपये धरत होतं. अतिकुपोषित लेकरासाठी बारा, गरोदर आणि स्तनदा मातेसाठी साडेनऊ. हे दर २०१७ सालचे. तेव्हापासून तेल किती वाढलं, डाळ किती वाढली, ते आजीला मी सांगायची गरज नव्हती. आठ रुपयांत बचत गटाच्या बायकांनी खिचडी शिजवायची, त्यातच तेल, मीठ, सरपण. "आजी, हे आठ रुपये वाढवा, हेही आमच्या मागण्यांत आहे," मी म्हटलं. आजींनी पहिल्यांदा मान वर केली. "हे तं कोनी सांगतलंच नाही," म्हणाल्या.

खरंच कुणी सांगितलं नव्हतं. पेपरात 'मानधनवाढीसाठी संप' एवढंच येत होतं. त्या रात्री आम्ही दोघींनी ठरवलं की घरोघरी जायचं ते हा आठ रुपयांचा हिशोब घेऊन. ज्या आईला तो कळला, तिनं नंतर कधी आम्हाला टोचून विचारलं नाही.

पण हिशोबानं सगळं मिटत नव्हतं. पटावर एक दीड वर्षाचा मुलगा होता, आई-बाप मजुरीवर. नोव्हेंबरात त्याचा दंड मोजला तेव्हा पट्टी पिवळ्यावर थांबली होती. ज्यांनी ती पट्टी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते: प्लास्टिकची, दोन बोटं रुंद, तिच्यावर लाल, पिवळा, हिरवा असे तीन रंग. डाव्या खांद्याची आणि कोपराची मधली जागा शोधायची, पट्टी गुंडाळायची, कातडीला टेकेल पण दाबणार नाही एवढीच ओढायची. साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली आलं तर लाल, म्हणजे तीव्र कुपोषित. साडेबारापर्यंत पिवळं. त्या लेकराचा दंड माझ्या अंगठ्याच्या आणि बोटाच्या विळख्यात पुरता मावत होता. संप सुरू झाला आणि माझ्या डोळ्यापुढून तो दंड हलेना.

तालुक्याच्या बैठकीत मी हे सगळ्यांसमोर बोलले. दोघीतिघी चिडल्या. एकदा कुलूप लावलं की लावलं, आज एक लेकरू, उद्या दुसरं, मग संप कसला, असं त्यांचं म्हणणं. त्यांचं चुकत नव्हतं. आमच्या कामाला हद्दच नाही आणि त्याचाच फायदा वर्षानुवर्षं घेतला गेला. 'तुम्ही तर आई आहात' म्हणायचं आणि निवडणुकीच्या यादीपासून जनावरांच्या मोजणीपर्यंत सगळं आमच्या अंगावर टाकायचं. बरीच बोलाचाली झाली. शेवटी एक जुन्या सेविका उठल्या. त्यांनी २०१७ चा संप केलेला, ११ सप्टेंबरला सुरू झालेला तो मोठा संप. त्या म्हणाल्या, "रजिस्टर बंद, मोबाइल बंद, अहवाल बंद. पण आजारी लेकराकडं पाहायला सरकारनं आपल्याला शिकवलं नाही, ते आपल्या मायनं शिकवलं. ते करा." त्यावर कुणी काही बोललं नाही.

मग मी त्या घरी जात राहिले, शेजारीण म्हणून. पट्टी नेली, पण आकडा कुठं लिहिला नाही. आईला सांगितलं की शेतात जाताना लेकराला एकदाच भरपेट देऊन भागत नाही. दर दोन-तीन तासांनी थोडं थोडं द्या, वरणात तेलाची धार सोडा, फुटाण्याचं पीठ गुळात कालवून डब्यात ठेवा. आजोबा घरीच असायचे. लेकराला भरवायचं काम त्यांनी अंगावर घेतलं आणि मन लावून केलं. पट्टी लालवर गेली नाही. जानेवारीत पिवळ्याच्या वरच्या टोकाला होती.

या सगळ्यात नोटीस आली. कामावर हजर व्हा, नाहीतर सेवा समाप्त. राज्यभर बऱ्याच सेविकांना अशा नोटिसा मिळाल्या. माझी मी दोनदा वाचली आणि घडी करून डब्यात ठेवली. घरात मात्र शांतता पसरली. नवरा काही बोलला नाही, पण रात्री कूस बदलत राहिला. दहा हजारांत आमच्या पोराची शाळा आणि सासूबाईंचं औषध निघत होतं. त्या महिन्यात तेही नव्हतं. किराणावाल्या दादांनी उधारी लिहून घेतली आणि एकदाही तगादा केला नाही. हे गावाचं मोल मी विसरणार नाही.

कुलूप उघडून दुसऱ्या कुणाकडून अंगणवाडी चालवून घ्यायच्या गोष्टीही सुरू झाल्या. आशाताईंना विचारणा झाली. त्यांचा स्वतःचा संप ऑक्टोबर-नोव्हेंबरात होऊन गेला होता आणि दिलेला शब्द कागदावर उतरला नाही म्हणून जानेवारीत त्या पुन्हा उतरणार होत्या. आमच्याकडच्या आशाताईंनी साफ सांगितलं, "तिच्या कुलपाले मी हात लावनार नाही." एका वाक्यात त्यांनी जे केलं, ते मोठ्या सभेत होत नाही.

डिसेंबरात अधिवेशन नागपूरला होतं. आम्ही काही जणी मोर्चाला गेलो. त्याच वर्षीच्या मार्चपासून बायकांना एसटीचं अर्धं तिकीट लागत होतं, म्हणून जाणं परवडलं. फडक्यात भाकरी-ठेचा बांधून नेला. थंडीत रस्त्यावर बसलेल्या हजारो गुलाबी आणि लाल साड्या पाहिल्या. कोण चंद्रपूरची, कोण यवतमाळची, कोण मेळघाटातली. मेळघाटातल्या बाईशी बोलताना कळलं की तिची आजेसासू धारणीच्या पहिल्या अंगणवाड्यांत होती. २ ऑक्टोबर १९७५ ला ही योजना देशात ३३ ठिकाणी सुरू झाली, धारणी त्यातलं एक. तेव्हा सेविकेला महिना शंभर-दीडशे रुपये मिळत. इतकी वर्षं झाली, योजना कायम आहे, तिच्यात काम करणारी बाई मात्र अजून कागदोपत्री स्वयंसेविका.

यावर सर्वोच्च न्यायालयानं २५ एप्रिल २०२२ ला निकाल दिला आहे. गुजरातमधल्या सेविकांच्या प्रकरणात न्यायमूर्ती अजय रस्तोगी आणि न्यायमूर्ती अभय ओक यांनी म्हटलं की सेविका आणि मदतनीस ग्रॅच्युइटी कायद्याखाली येतात. निकालाच्या झेरॉक्स आम्ही तालुक्यात वाटल्या. मी माझी प्रत आमच्या आधीच्या बाईंना वाचून दाखवली. त्यांनी याच गावात आयुष्य घालवलं; आज ज्यांची पोरं शाळेत आहेत त्यांना लहानपणी त्यांनीच 'अ' गिरवायला लावला. तेव्हा निवृत्तीनंतर सेविकेला एकरकमी एक लाख मिळत, मदतनिसाला पंच्याहत्तर हजार, आणि मग काहीच नाही. बाईंनी चष्मा काढला, पुसला, म्हणाल्या, "माह्यासाठी नको. तुमच्यासाठी मिळू दे."

आमचं काम किती महत्त्वाचं आहे ते सरकारला ठाऊक नाही असं मी मानत नाही. वाशीम हा नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांतला एक. राज्यातले चारच जिल्हे त्या यादीत आहेत: गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव (पूर्वीचं उस्मानाबाद) आणि आमचा. जिल्हा पुढे गेला की मागे पडला हे आरोग्य आणि पोषणाच्या आकड्यांवरही ठरतं. ते आकडे दिल्लीत पोहोचतात आमच्या मोबाइलवरून. लेकराला काट्यात बसवून वजन घेते ती सेविका आणि रात्री नेटवर्क शोधत गच्चीवर उभी राहून ते भरते तीही सेविकाच. २०२१ मध्ये राज्यभरातल्या सेविकांनी सरकारी मोबाइल परत केले होते. ते तापायचे, बंद पडायचे आणि दुरुस्तीचा खर्च आमच्याच माथी यायचा. ज्या आकड्यांवर जिल्ह्याचं मूल्यमापन होतं, ते भरणाऱ्या बाईचं केंद्रानं ठरवलेलं मानधन २०१८ पासून साडेचार हजारांवर अडकलेलं होतं.

जानेवारीत काहीच हलेना तेव्हा आयांनीच पुढाकार घेतला. वहीच्या कागदावर पत्र लिहिलं: आमच्या अंगणवाडीच्या बाईंच्या मागण्या मान्य करा आणि लेकरांच्या खाऊचा दर वाढवा. पत्र लिहिलं बारावी शिकलेल्या एका सुनेनं. सह्या कमी, अंगठे जास्त. पहिल्या दिवशी 'नातवाच्या खिचडीचं काय' विचारणाऱ्या आजींचा अंगठा त्यात होता. त्या पत्रानं सरकार हललं असं मी म्हणत नाही. पण ते वाचल्यावर मी आणि मदतनीस ताई आणखी कितीही दिवस बसायला तयार होतो.

२५ जानेवारी २०२४ ला संप मागे घेतला. ग्रॅच्युइटी आणि पेन्शनबाबत आश्वासन मिळालं होतं, मानधनाचा विषय पुढे ढकलला गेला होता. काही जणी रडल्या, काही रागावल्या. दुसऱ्या दिवशी प्रजासत्ताक दिन. मी सकाळी कुलूप उघडलं, जाळी झाडली, आणि झेंड्याला जाण्याआधी अंगणवाडीत पोरांचा गलका सुरू झाला.

त्याच वर्षी, विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर, मानधन वाढलं. सेविकेला १३ हजार, वर कामाप्रमाणे प्रोत्साहन भत्ता. मदतनिसाला साडेसात हजार. ज्यांनी संपावर हसून घेतलं होतं त्यांच्याही खात्यात ते आले, आणि यावे, त्यासाठीच संघटना असते. २०१७ चा संप झाला नसता तर पाच हजारांचे साडेसहा हजार झाले नसते. २०१८ च्या मार्चमध्ये आमच्यावर संपाला बंदी घालणारा मेस्मा कायदा लावला होता, तो विधिमंडळात गदारोळ झाल्यावर स्थगित करावा लागला. आम्हाला जे मिळालं ते असंच मिळालं, रस्त्यावर बसून.

माझी वाचणाऱ्याला एक विनंती आहे. १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, २६ जानेवारी या तारखांना तुमच्या गावात ग्रामसभा होते. तिथं उठून अंगणवाडीबद्दल विचारा. लेकरांना रोज किती रुपयांचा आहार मिळतो, वजनकाटा चालतो का, पाणी कुठून येतं, तुमच्या मदतनीस ताईला महिन्याला काय मिळतं. उत्तर वहीत लिहून घ्यायला लावा. आणि पुढच्या वेळी आमच्या दाराला कुलूप दिसलं, तर आधी आमच्या घरी येऊन का लावलं ते विचारा. आम्ही सांगू.