नावाची पत आणि कागदाची साक्ष

व्यापारी घरात दुकान, माल आणि उधारी यांच्याही आधी नाव सांभाळले जाते. जुन्या पेढ्यांवर चालणाऱ्या हुंड्यांमध्ये ‘शाहजोग’ नावाचा एक प्रकार होता. अशा हुंडीचे पैसे समोर आलेल्या कोणाही माणसाच्या हाती ठेवले जात नसत. बाजारात ओळख आणि पत असलेल्या शाहालाच ते देता येत. हुंडी घेऊन आलेला गृहस्थ खरोखर शाह आहे की नाही, याची खातरजमा करणे पैसे देणाऱ्या पेढीचे कर्तव्य असे. पुढे हुंडी बनावट किंवा चोरीची निघाली, तर रक्कम उचलणाऱ्या शाहाला ती व्याजासह परत करावी लागे. ओळख पटवल्यावाचून पैसा द्यायचा नाही, हा नियम त्यामुळे व्यापारी समाजाला परका नाही. तेव्हा साक्ष माणसे देत. आता ती कागद देतात.

‘ग्राहकाला ओळखा’ या अर्थाच्या ज्या नियमांना सर्वजण केवायसी म्हणतात, त्यांविषयीच्या रिझर्व्ह बँकेच्या पहिल्या सूचना २००२ मध्ये आल्या. काळा पैसा प्रतिबंधक कायदा १ जुलै २००५ पासून अमलात आला आणि या सूचनांना कायद्याचे बळ मिळाले. २५ फेब्रुवारी २०१६ रोजी रिझर्व्ह बँकेने विखुरलेल्या सूचना एका निर्देशात एकत्र केल्या. बँक असो वा फायनान्स कंपनी, ट्रक घ्यायचा असो वा टेबलावरचा संगणक, कर्जदाराची ओळख पटवण्याची रीत तीच.

गोंदिया जिल्ह्याच्या देवरी तालुक्यातील चिचगड हे छत्तीसगडच्या सीमेलगतच्या वनपट्ट्यातील गाव. अशा गावात किराणा आणि धान्याचा व्यवसाय करणारे एखादे जैन कुटुंब डोळ्यांसमोर आणावे. सून राजनांदगावकडची, वाणिज्य शाखेची पदवीधर. आसपासच्या लहान दुकानदारांची जीएसटी विवरणपत्रे घरी बसून भरून देण्याचे तिच्या मनात आहे. त्यासाठी संगणक हवा आणि तो कर्जाने घ्यायचा, असे घरात ठरते. प्रश्न येतो तो नावाचा.

सासरे सहज म्हणतात, “बेटा, कर्ज माझ्या नावावर घेऊ. या बाजारात माझ्या नावाला नाही कोण म्हणेल?” त्यांचे म्हणणे खोटे नाही. सून नम्रपणे उत्तर देते, “बाबूजी, तुमचे नाव बाजार ओळखतो. पण काम माझे आहे, बिले मी देणार आहे. बँकेनेही मला माझ्या नावाने ओळखावे, असे वाटते.” या संवादात दोन पिढ्यांच्या पतविषयक कल्पना समोरासमोर येतात, आणि दोन्हींत तथ्य आहे.

कागदांची यादी वाटते तितकी लांब नाही. ओळख आणि पत्ता यांसाठी पासपोर्ट, वाहन चालवण्याचा परवाना, मतदार ओळखपत्र, आधार क्रमांक असल्याचा पुरावा, राज्य शासनाच्या अधिकाऱ्याची सही असलेले रोजगार हमीचे जॉब कार्ड किंवा राष्ट्रीय लोकसंख्या नोंदवहीचे पत्र, यांपैकी कोणतेही एक अधिकृत वैध मानले जाते. त्यासोबत पॅन, आणि पॅन नसल्यास फॉर्म ६०. शेठजींचा पासपोर्ट आणि दुकानाबाहेर तेंदूपानांचा हिशेब विचारणाऱ्या गोंड मजुराचे जॉब कार्ड या यादीत शेजारी शेजारी बसलेले आहेत, हे लक्षात घेण्याजोगे आहे. देशातील पहिले आधारपत्र २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावात देण्यात आले, तेही ज्यांच्यापाशी कागद नव्हते त्यांना ओळख मिळावी या हेतूने.

अडचण कागद नसण्याची क्वचित असते. कागद एकमेकांशी न जुळण्याची असते. जैन घरांत ती विशेष दिसते. आजोबांच्या दाखल्यावर गोत्राचे आडनाव, वडिलांच्या पॅनवर नुसते ‘जैन’, मुलाच्या आधारवर दोन्ही. सुनेच्या पॅनवर माहेरचे नाव, आधारवर सासरचे. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला. त्याआधीच्या कागदांवर पत्त्यात ‘जिल्हा भंडारा’ असाच उल्लेख असणार. माणसाला हे सारे एकाच घराचे तपशील वाटतात. संगणकाला मात्र ती वेगवेगळी माणसे वाटतात आणि अर्ज अडकतो. पॅन आणि आधार यांची जोडणीही नावे, जन्मतारीख जुळल्यावाचून होत नाही. जोडणी करणे बंधनकारक असूनही ती न केलेली पॅन कार्डे १ जुलै २०२३ पासून निष्क्रिय ठरली आहेत.

यावर उपाय नियमांतच आहे. विवाहामुळे किंवा अन्य कारणाने नाव बदलले असेल, तर राज्य शासनाचे विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्रातील प्रसिद्धी जोडल्यास जुन्या नावाचा दस्तऐवजही ग्राह्य धरला जातो. कागदावर सध्याचा पत्ता नसेल, तर दोन महिन्यांच्या आतले वीजबिल किंवा घरपट्टीची पावती तात्पुरती चालते. नव्या पत्त्याचा अधिकृत दस्तऐवज तीन महिन्यांत द्यावा लागतो. आधारवरील नाव बदलण्याची मुभा केवळ दोनदा आणि जन्मतारीख बदलण्याची एकदाच मिळते. म्हणून घरातील सर्वांची नावे कोणत्या रूपात लिहायची, हे दिवाळीच्या वहीपूजनाला घरातल्या सर्वांनी बसून एकदा ठरवावे.

सुनेच्या नावाने व्यवहार करणे हिशेबाच्या दृष्टीनेही सरळ पडते. तिने उद्यम नोंदणी केली, तर तिला शुल्क लागत नाही. ८ एप्रिल २०१५ रोजी सुरू झालेल्या मुद्रा योजनेतील ‘शिशु’ गटात पन्नास हजारांपर्यंतचे कर्ज तारणावाचून मिळू शकते. एकल मालकीच्या व्यवसायासाठी मालकाच्या ओळखपत्राबरोबर व्यवसायाचे साधारणपणे दोन पुरावे मागितले जातात. उद्यम प्रमाणपत्र त्यांपैकी एक होऊ शकते. कर्ज जिच्या नावे, बिल तिच्या नावे आणि संगणकही तिच्याच कामात असला, की त्याचा ४० टक्के घसारा आणि कर्जाचे व्याज तिच्या व्यवसायाच्या खर्चात बिनचूक बसते. कर्ज सासऱ्यांच्या नावावर, बिल दुकानाच्या नावावर आणि उत्पन्न सुनेच्या नावावर असे झाले, की वर्षअखेरीस हिशेबनीस डोक्याला हात लावतो.

त्याहून महत्त्वाची गोष्ट तिच्या पतीची नव्हे, तिच्या स्वतःच्या पतीची, म्हणजे पतमानाची आहे. पतमाहिती कंपन्या कर्जदाराला ३०० ते ९०० यांमधील गुणांक देतात. ज्या स्त्रीच्या नावावर कधी कर्जच नव्हते, तिची या वहीत नोंद नसते. सासऱ्यांनी चाळीस वर्षांत कमावलेली पत तिला वारशाने मिळत नाही. वेळेवर फेडलेल्या लहान हप्त्यांतूनच तिचे स्वतःचे खाते उघडते.

येथेच मोह उभा राहतो. कागद जुळत नाहीत असे दिसताच विक्रेत्याकडचा प्रतिनिधी सुचवतो, “मुनीमजींचे कागद व्यवस्थित आहेत ना? त्यांच्या नावावर काढून टाका, हप्ते तुम्ही भरा.” ऐकायला हे सोपे वाटते. परंतु हप्ता चुकला तर बट्टा मुनीमजींच्या नावाला लागतो, आणि उद्या त्यांच्या मुलीच्या शिक्षणासाठी कर्ज हवे झाले तर बँक त्यांना परत पाठवते. ज्याने विश्वासाने कागद दिले, त्याच्या भवितव्यावर घेतलेले ते कर्ज असते. तत्त्वार्थसूत्रात सत्याणुव्रताच्या अतिचारांमध्ये ‘कूटलेखक्रिया’ म्हणजे खोटा लेख करणे आणि ‘न्यासापहार’ म्हणजे विश्वासाने ठेवलेली ठेव बळकावणे, हे दोन्ही सांगितले आहेत. दुसऱ्याच्या नावावर आपले कर्ज काढताना पहिला दोष लागतोच. हप्ता थकला की दुसराही लागतो.

स्वतःचे कागद देतानाही हीच दक्षता हवी. छायाप्रतीवर कोणत्या संस्थेस, कोणत्या कर्जासाठी, कोणत्या तारखेस दिली, हे सहीसह आडवे लिहावे. आधारची प्रत देताना केवळ शेवटचे चार अंक दिसणारे झाकलेले आधार पुरत असेल, तर तेच द्यावे. २६ सप्टेंबर २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर खासगी कंपन्यांना आधारची सक्ती करता येत नाही. अन्य वैध ओळखपत्र देण्याचा पर्याय ग्राहकापाशी असतो. कोऱ्या अर्जावर सही करू नये आणि मोबाइलवर आलेला ओटीपी कोणास सांगू नये, कारण ओटीपी ही आजची सहीच आहे. प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो. तो मागवून पाहिला, तर आपल्या नावावर कोणी परस्पर कर्ज उचलले आहे काय, हे कळते.

शाहजोग हुंडीवर पैसे उचलणारा शाह जाणून असे की हुंडी खोटी ठरली तर भरपाई त्याच्याच गल्ल्यातून होईल. म्हणून तो हुंडी हाती घेण्याआधी उलटसुलट निरखून पाही. सुनेने विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र काढण्यासाठी पंधरा दिवस थांबायचे ठरवले आणि सासऱ्यांनी त्या प्रतिनिधीला नकार दिला, तर संगणक थोडा उशिरा घरी येईल, एवढेच. त्या पंधरा दिवसांत मुनीमजींचे नाव स्वच्छ राहील, आणि घरातील एका स्त्रीचे नाव पहिल्यांदाच बँकेच्या वहीत तिच्या स्वतःच्या हिमतीवर लिहिले जाईल.