वहीतले दोन रकाने

आसनगावला राहायला आलो तेव्हा मुलांना शाळेत घालायचे नाही, एवढे ठरलेले होते. शिकवायचे काय, हे मात्र ठरलेले नव्हते. आधीच्या गावातल्या शाळेत प्रार्थनेच्या वेळी डोळे उघडे ठेवले म्हणून मोठीला वर्गाबाहेर उभे केले होते. शिक्षा पाच मिनिटांची. आमच्या घरात तिची चर्चा वर्षभर चालली.

त्यातून शोध सुरू झाला धर्मनिरपेक्ष अभ्यासक्रमाचा. अमेरिकेत घरी शिकवण्याची चळवळ मोठ्या प्रमाणावर श्रद्धाळू ख्रिस्ती कुटुंबांनी वाढवली. साहजिकच तिथल्या अनेक तयार संचांत उत्क्रांतीच्या जागी सृष्टी निर्माण झाल्याची सहा दिवसांची कथा असते, आणि ज्यांना ती नको त्यांच्यासाठी 'सेक्युलर' असा शिक्का मारलेले संच वेगळे विकले जातात. तसा एक आम्ही मागवला. विज्ञान उत्तम होते. (२०२३ साली एनसीईआरटीने दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला, तेव्हा पैसे वाया गेले नाहीत असे वाटून घेतले.) पण त्यात मराठी असण्याचे कारणच नव्हते. ती मलाच रचावी लागणार होती.

मी वहीत दोन रकाने आखले : 'ठेवायचे' आणि 'वगळायचे'. देव आला की उजवा रकाना. पहिल्याच आठवड्यात ज्ञानेश्वर गेले, जनाबाई गेली, एकनाथांची भारुडे गेली, तुकाराम गेले. म्हाइंभटाचे 'लीळाचरित्र' गेले. डाव्या रकान्यात लावण्या उरल्या, आणि त्या नऊ वर्षांच्या मुलीला शिकवण्याचे धैर्य माझ्यात नव्हते. सहाएक शतकांची मराठी मी एका पेन्सिलीने पुसून टाकली होती, आणि ते करताना मला फार स्वच्छ वाटत होते, हे कबूल करायला हवे.

राज्यघटनेच्या अठ्ठाविसाव्या कलमाने संपूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शिक्षणसंस्थांत धार्मिक शिक्षणाला मनाई केली आहे. पण धर्माची शिकवण देणे वेगळे आणि धर्मांविषयी शिकवणे वेगळे, हा भेद सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली अरुणा रॉय खटल्यात मान्य केला. माझी वही त्या कलमाहूनही कडक निघाली. घराला ते कलम लागू नाही. इथे सरकारही मीच आणि न्यायालयही मीच.

आषाढीच्या सुमारास सासूबाई राहायला आल्या. त्यांना माझ्या वहीचा पत्ता नव्हता. माहुलीवर ढग उतरलेले, बाहेर जाणे अशक्य, आणि स्वयंपाकघरात त्या मुलांना चोखोबाची गोष्ट सांगत होत्या. विठ्ठलाचा एवढा भक्त, पण महार म्हणून त्याला देवळाच्या आत पाऊल टाकता येत नव्हते. त्याची समाधीसुद्धा महाद्वाराबाहेरच आहे. मोठीने विचारले, "आजी, त्यानेही डोळे उघडे ठेवले होते का?"

मी दाराशी उभी होते. आत जाऊन गोष्ट थांबवायची की ऐकायची, हे मला ठरवता येईना.

सासूबाईंनी उत्तर दिले नाही. त्या पुढे सांगत राहिल्या. माझ्या मात्र ध्यानात आले की देव वगळला की देऊळ जाते, देऊळ गेले की दार जाते, आणि मग दाराबाहेर उभा असलेला माणूसही दिसेनासा होतो. १९४७ साली साने गुरुजींनी ते दार उघडावे म्हणून उपोषण का केले, हे तरी मी कशाच्या आधारे शिकवणार होते?

रकाने गेले. आता आम्ही ओवी शिकतो आहोत. तीन चरण यमकाने बांधलेले, चौथा आखूड आणि मोकळा. ती ज्ञानेश्वरांची, तशीच फादर स्टीफन्स यांची : १६१६ साली गोव्यात रायतूर येथे छापलेले 'ख्रिस्तपुराण' ओवीतच आहे, आणि ते नवख्रिस्तींना धर्म शिकवण्यासाठी रचले होते, हेही मुलांना सांगते. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी 'योगसंग्राम' ओवीतच लिहिला. ओवीच्या नात्यातल्या अभंगाचा घाट उचलून जोतीराव फुल्यांनी 'अखंड' रचले आणि त्यांत निर्मिकाला आणून बसवले. शिवाय जात्यावरच्या ओव्या, ज्यांत विठ्ठल अनेकदा भावासारखा भेटतो. या घरात इतक्यांची ये-जा आहे, हे मला माहीत नव्हते असे नाही. एम. ए.ला हे सारे मी परीक्षेपुरते लिहिले होते.

नवऱ्याला हे पुरते पटलेले नाही. मागच्या दाराने तू पुराणेच घरात घेतलीस, असे तो म्हणतो, आणि धाकटा अंघोळ करताना 'विठ्ठल विठ्ठल' म्हणू लागला की मीही जरा चपापते. त्याला हटकत नाही. डोळे मिटायलाही सांगत नाही.

मोठीने परवा स्वतःची पहिली ओवी रचली. चौथा चरण तिला फारच लांबला आहे. ओवीतली कसारा लोकल उशिरा येते, आणि तक्रार थेट आसनगावच्या स्टेशनमास्तरांकडे केलेली आहे.