मांडवात चार शब्द बोलताना

तुळशीचे लग्न झाले की लग्नसराई सुरू होते आणि उन्हाळ्यात ती ऐन भरात येते. मग मांडवात कुणीतरी माइक पुढे करतो, "गुरुजी, आशीर्वादाचे चार शब्द बोला." जन्मभर मास्तरकी केली म्हणून हे काम माझ्या वाट्याला पुष्कळदा येते. मुलीचे मामा किंवा भावकीतले वडीलधारे म्हणून उद्या तुमच्याही वाट्याला येईल.

पहिली गोष्ट वेळेची. लोक अक्षता मुठीत धरून ताटकळलेले असतात, पोरे भुकेलेली असतात. आलेल्या पुढाऱ्यांची यादी वाचत बसू नका. दोन मिनिटे पुरे.

दुसरी गोष्ट अशी, की 'मुलगी सुशील, सालस, गृहकृत्यदक्ष आहे' असे प्रत्येकीबद्दल बोलतात, म्हणून ते कुणाच्याच ध्यानात राहत नाही. त्याऐवजी डोळ्यांनी पाहिलेली एकच गोष्ट सांगा. माझ्या एका विद्यार्थिनीच्या लग्नात मी एवढेच बोललो, "ही पोर पहाटे उठून डेअरीला दूध घालते आणि महिन्याचा हिशेब तिच्या तोंडपाठ असतो." दोन वर्षांनी तिचे सासरे बाजारात भेटले. म्हणाले, "गुरुजी, दुधाची वही आता सूनबाईकडेच असते. तुम्ही मांडवात बोलला होता ना!"

हे ध्यानात घ्या. मुलगी परक्या घरात निघालेली असते. तिच्या अंगचा गुण तिने स्वतः सांगितला तर तो तोरा ठरतो. वडीलधाऱ्याने चारचौघांत सांगितला तर त्याला मांडव साक्षी राहतो.

सर्वांना कळेल असे मराठीत बोलण्याची चाल आपल्याकडे जुनीच आहे. महात्मा फुल्यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापन केला. त्या पद्धतीच्या लग्नात वधूवर स्वतःच एकमेकांना मराठीतून वचन देतात.

तिसरी गोष्ट. मुलीची किंवा मुलाची आई विधवा असेल तर ती बहुधा आत, भांड्यांपाशी उभी असते. तिचे नाव घ्या. एकटीने शेत राखून लेकराला वाढवले, हे मोठ्याने सांगा. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. आपल्या गावात ठराव होईल तेव्हा होईल. माइक हाती असताना तिला पुढे बोलावणे तर आपल्या हातात आहे.

देण्याघेण्याचा, खर्चाचा विषय मात्र काढू नका. मुलीच्या बापाच्या डोक्यावर कर्ज किती, हे त्याचे त्यालाच ठाऊक असते.

आणि भाषण सुचत नसेल तर आदल्या दिवशी मुलीच्या घरी जा. चहा घेता घेता तिच्या आईला विचारा, "वहिनी, पोरीला सगळ्यात चांगले काय जमते?" ती जे सांगेल, तेच मांडवात बोला.