मानशीची पावणी

'व्यवस्थापन' हा शब्द अलीकडे आम्हा शिक्षकांच्या कानांवर फार आदळतो. प्रशिक्षणवर्गात त्याच्या व्याख्या उतरवून घ्यायच्या आणि संध्याकाळी वहीबरोबर त्याही मिटायच्या. विवेकनिष्ठ व्यवस्थापन म्हणजे काय, हे कुणाला पाहायचेच असेल तर मी त्याला कोरगावचे खाजन दाखवीन.

खाजन म्हणजे खाडीच्या खाऱ्या पाण्यापासून मातीच्या बांधाने राखलेली शेती. बांधात मानस असते. भरतीच्या रेट्याने तिची लाकडी दारे आपोआप मिटतात आणि ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने उघडतात. इथे नवस नाही, हुकूम नाही. चंद्राची गती ओळखून केलेला शुद्ध हिशेब आहे. पहिल्या पावसाने जमिनीतले मीठ धुऊन जाते आणि खारेपणा सोसणारे कोरगुट भात उभे राहते.

पूर्वजांची खरी अक्कल मात्र दारांत नाही, पैशाच्या वाटेत आहे. मानशीवर मासळी धरण्याच्या हक्काची पावणी करायची आणि त्या पैशातून बांध राखायचा. १९६४ चा कूळ कायदा आला, १९७५ च्या नियमांनी हे काम कूळ संघटनांकडे गेले. पण सूत्र तेच राहिले. मासळीने भाताची राखण करावी.

गोम अशी की, पावणी घेणाऱ्याला भात नको असते, कोळंबी हवी असते. दारे अवेळी उघडी ठेवून खारे पाणी आत घेतले की जाळे भरते. त्याचा हिशेबही तर्कशुद्धच, फक्त एका वर्षाचा! (बांध पोखरणाऱ्या खेकड्याला निदान राहायला घर तरी हवे असते.) मीठ मुरलेले शेत पडीक पडते, पडीक शेताचा धनी बांधाकडे फिरकत नाही, आणि त्याच्या हद्दीतल्या भगदाडातून शिरलेले पाणी शेजाऱ्याचे उभे पीक घेऊन जाते. गोव्यात कितीतरी खाजने अशी ओसाड झाली. वहीत पावणीची रक्कम जमेच्या बाजूला ठळक दिसते. बुडालेले भात खर्चाच्या बाजूला कुणी लिहीतच नाही.

एका बैठकीत मी सुचविले, पावणी पुकारण्याआधी पडीक शेते मोजावीत आणि तो आकडा सर्वांसमोर वाचावा. माना डोलल्या. मागून एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "मास्तर, मेजूक कोण येतलो? ज्याचा शेत पडीक, तो मुंबयत!"