हात पोचेल असं नाट्यगृह

आपल्याकडे नाट्यगृहाच्या दुरवस्थेची बातमी होते ती एखादा नट चिडल्यावर. विषय बहुधा स्वच्छतागृहाचा. मग सफाईचा ठेकेदार बदलतात. नाट्यगृहांच्या इमारतींची कामं करताना मला यातलं बरंचसं दुखणं ठेकेदाराच्याही आधीचं, थेट नकाशावरचं दिसतं.

स्वच्छतागृहाचंच घ्या. आठशे-नऊशे प्रेक्षक, मध्यंतर पंधरा मिनिटांचं, रविवारी लागोपाठ तीन प्रयोग. कार्यालयात हा भार दिवसभर थोडा थोडा येतो, इथे एकदम कोसळतो. तरी संडास-मुताऱ्यांची संख्या कार्यालयाच्याच हिशेबाने धरली जाते आणि बायकांची रांग तिसऱ्या घंटेनंतरही हलत नाही. शिवाय पाइप भिंतीत गाडलेले. गळती शोधायची म्हणजे टाइल्स फोडायच्या, त्यामुळे ती कोणी शोधतच नाही. भिंत फुगू लागली की वरून रंग मारतात. मागे माणूस उभा राहील एवढी डक्ट आणि तिला बाहेरून दार ठेवलं, तर प्लंबरला प्रयोग चालू असतानाही काम करता येतं. जागा जाते अडीच-तीन फूट. खर्च कमी करायची वेळ आली की पहिली कात्री याच डक्टला लागते.

छताचंही तेच. प्रेक्षागृहातल्या पायऱ्यांवर शिडी धड उभी राहत नाही. छताच्या वरून चालायला कॅटवॉक नसेल, तर साधा दिवा बदलायला परांची बांधावी लागते. ती बांधायची कधी? तारखा तर भरलेल्या. मग एकेक दिवा जातो आणि तसाच राहतो.

पावसाळ्यात एसी प्रयोगापुरता चालतो, एरवी दारं बंद. गालिचा आणि पडदे कुबट होतात. एसीवाचून चालणारे हवा खेळती ठेवणारे पंखे आणि पुसता येणारी फरशी, एवढ्यावर हा प्रश्न बराच सुटतो.

रंगमंचावर खिळे ठोकले जाणारच. बॅकस्टेज कामगारांना दटावण्यापेक्षा वरचा प्लायवूडचा थर स्क्रूने बसवावा आणि खराब झालेला तुकडा तेवढा बदलावा. सामानाचं दार टेम्पोच्या फाळक्याच्या उंचीला हवं. नाहीतर सेट जिन्याच्या भिंती खरवडतच वर जातो.

वायरिंगबाबत मात्र मी तडजोड मानत नाही. शाहू महाराजांच्या काळात, 1915 साली उभं राहिलेलं कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री आगीत जळालं. रंगमंचावर लाकूड, कापड आणि तापलेले दिवे एकत्र नांदतात. तिथली प्रत्येक वायर उघड्या ट्रेमधून, नंबर लावून, डोळ्यांना दिसेल अशीच जायला हवी.

तुमच्या गावात नवं नाट्यगृह होणार असेल, तर नगरसेवकाकडे एक मागणी जरूर करा: मंजुरीआधी नकाशा तिथल्या इलेक्ट्रिशियनला, प्लंबरला आणि झाडू मारणाऱ्या बाईंना दाखवा, आणि त्या तिघांचं म्हणणं लिहून घ्या.