उंबरठ्याच्या आंत

ज्या पोरखेळास आम्ही आजवर नाक मुरडीत आलों, त्यानेंच एकदां आम्हांस निरुत्तर केलें. चिरंजिवांच्या आग्रहावरून २०१५ सालीं निघालेला ‘द विचर ३’ हा पोलंडमधील व्हिडिओ गेम आम्ही सुटींत खेळलों. राक्षस मारणाऱ्या गेराल्टची भूमिका आमची. कथेंत पत्नीस मारहाण करणारा एक मद्यपी सरदार भेटतो. तिचा गर्भपात झाला, तेव्हां त्यानें तें अर्भक नांवावांचून पुरलें. तें पिशाच होऊन उठलें. त्यास ठार करावें, कीं बापाकडून नांव देववून उंबरठ्याखालीं निजवावें, हें खेळणारानें ठरवावयाचें.

चिरंजीव म्हणाले, “तलवार काढा.” आम्ही दुसरी वाट धरली. सरदार तें विद्रूप बाळ कवटाळून घरापर्यंत चालला. खड्डा खणून त्यानें तिला ‘डीआ’ हें नांव दिलें. पिशाचाचें गृहरक्षक दैवत झालें.

आमचीही पहिली मुलगी जन्मतःच गेली होती. ‘आतां नांव कशाला?’ असें म्हणून आम्हींच तो विषय तीस वर्षें मिटविला होता.

खेळ थांबवून आम्ही स्वयंपाकघरांत गेलों. पत्नी विरजण लावीत होती.

“तिचें नांव तूं मनांत ठेवलें होतेंस का?”

तिचा हात थांबला. मग तिनें नांव सांगितलें.

तें येथें लिहीत नाहीं. तें उंबरठ्याच्या आंतलें आहे.