न घडलेल्या गोष्टींची नोंद

दर वर्षी १२ मेला आमच्या रुग्णालयात परिचारिका दिन होतो. हातात गुलाब येतो, मेणबत्त्या लागतात, शपथ होते आणि मग भाषणं. पाहुणे कुणीही असोत, शब्द ठरलेले: त्याग, ममता, सेवाभाव, रुग्णाची दुसरी आई. ऐकायला वाईट वाटत नाही. पण ‘या बायका हुशार आहेत’ असं त्या व्यासपीठावरून कुणी म्हटल्याचं मला आठवत नाही. जिच्या जन्मदिवशी हे सगळं चालतं ती १८२० साली जन्मलेली फ्लोरेन्स नाइटिंगेल तर आकडेमोडीत तरबेज होती. क्रिमियाच्या युद्धात जखमांपेक्षा रोगराईने किती जास्त सैनिक दगावले, हे तिने मोजून, रंगीत आकृत्या काढून सरकारपुढे मांडलं. आम्ही तिचा दिवा तेवढा उचलला, वही तिथेच राहिली.

त्यागाचं कौतुक करणाऱ्याला सोयीचंही पडतं, असं माझं मत झालंय. त्यागमूर्ती एकटीने अख्खा वॉर्ड सांभाळला तर टाळ्या मिळतात. हेच कौशल्याचं काम आहे म्हटलं, की माणसं किती लागतील हे विचारावं लागतं.

पण दोष भाषणं करणाऱ्यांनाच कशाला द्या? माझ्याही डोक्यात तेच मुरलं होतं. गोपनीय अहवालाच्या फॉर्ममध्ये स्वतःच्या कामगिरीबद्दल लिहायला जागा असते. तिथे माझं वाक्य ठरलेलं: ‘नेमून दिलेली कामे वेळेत पूर्ण केली.’ एका वर्षी आमच्या परिसेविका मॅडमनी तो कागद माझ्यापुढे परत सरकवला.

“ती झटक्यांची पेशंट कुठाय यात?”

“त्यात काय लिहायचं, मॅडम? काही झालंच नाही ना तिला.”

“तेच तर लिहायचंय.”

ती पेशंट म्हणजे पहिलटकरीण, विशीतली. बीपी वाढून झटके आले म्हणून १०८ने आणलेली. मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला मोठा डोस झाला, बाळंतपणही झालं. पुढे दर चार तासांनी पाच ग्रॅमचं इंजेक्शन, एकदा या कुल्ल्यात, एकदा त्या. झटके थोपवायला याच्याइतकं खात्रीचं औषध नाही. पण शरीरात ते साठलं तर आधी गुडघ्याची उडी जाते, मग श्वास मंदावतो, आणि त्याच्याही पुढे गेलं तर हृदय थांबतं. ते बाहेर टाकायचं काम मूत्रपिंडांचं. म्हणून प्रत्येक डोसच्या आधी तीन गोष्टी बघायच्या: श्वास मिनिटाला सोळा तरी आहेत ना, लघवी तासाला तीस मिली तरी होतेय ना, आणि गुडघ्यावर हातोडी मारली की पाय उडतोय ना.

त्या रात्री डोसची वेळ झाली. इंजेक्शन भरून ट्रेमध्ये ठेवलं होतं. श्वास पूर्ण मिनिटभर मोजले, जेमतेम सोळा. युरोबॅगेत चार तासांत जमा झालेली लघवी शंभर मिलीलाही पोचली नव्हती. नळी कुठे दुमडली नाही ना, तेही पाहिलं. मग गुडघा. उजवा हलला नाही. डावाही नाही. शेजारी तिची आई बसली होती. “सिस्टर, सुई द्यायची ऱ्हायली का?” तिने विचारलं. “थांबवलीय, आजी. आधी मॅडमना बोलावते,” म्हटलं. ऑन कॉल डॉक्टर मॅडमना फोन केला. त्या येईपर्यंत ऑक्सिजन जोडला, उताऱ्याचं कॅल्शियम ग्लुकोनेट काढून हाताशी ठेवलं आणि तिच्या छातीवरची नजर हलू दिली नाही. मॅडम आल्या, तपासलं, डोस थांबवला, रक्त पाठवलं. “बरं केलंत, दिलं नाहीत ते,” एवढं म्हणाल्या आणि लेबर रूमकडे पळाल्या. पहाटे लघवी वाढली, पाय उडायला लागला. यथावकाश माय-लेक घरी गेले. केस पेपरवर या सगळ्याची मिळून दीड ओळ आहे.

डोस दिला असता तर काय झालं असतं, ते मला माहीत आहे. झालं नाही म्हणून ते कुणाला दिसलं नाही. आमच्या कामातला बराचसा भाग असाच.

फॉर्म परत सरकवला त्या दिवशी परिसेविका मॅडमनी अरुणा शानबागचं उदाहरण काढलं. परळच्या केईएममधली ही नर्स १९७३च्या नोव्हेंबरातल्या हल्ल्यानंतर अंथरुणाला खिळली ती २०१५च्या मेमध्ये जाईपर्यंत. तिच्याबद्दलचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला तेव्हा २०११च्या निकालात केईएमच्या परिचारिकांचं भरभरून कौतुक झालं. इतकी वर्षं खाटेवर असून तिला बेडसोर नव्हता, याचीही दखल घेतली गेली. “लोक म्हणाले, केवढी माया!” मॅडम म्हणाल्या. “माया होतीच गं. पण मायेने बेडसोर टळत नाही. कूस बदलावी लागते, माकडहाड आणि टाचा रोज बघाव्या लागतात, चादरीला सुरकुती चालत नाही, ओल चालत नाही, पोटात प्रोटीन जावं लागतं. आणि हे एका पाळीने केलं, दुसरीने नाही, असं झालं तर फुकट. ही विद्या आहे.”

मी फॉर्म नव्याने भरला. लिहिताना लाज वाटत होती, स्वतःची टिमकी वाजवतेय अशी. बायकांना, त्यातून नर्सना, ती लाज शिकवावी लागत नाही. मॅडमनी वाचून सही केली आणि ‘कूस बदलली’च्या आधी ‘दर दोन तासांनी’ घालायला लावलं.

तेव्हापासून पाळी बदलताना, ओव्हर देताना आम्ही एक सवय लावून घेतली. काय दिलं, काय राहिलं, याबरोबर ‘काय जाणवलं’ हेही सांगायचं. डॉक्टर राउंडला येऊन जातात. पेशंटच्या उशाशी पाळीभर आम्ही असतो. हा फरक छोटा नाही. कोण जेवण परत पाठवायला लागलं, कोण उगाच चादर ओढतंय, हे आधी आम्हाला दिसतं. काही जणी सुरुवातीला हसल्या. एक-दोघी अजून हसतात.

जीएनएमच्या विद्यार्थिनी वॉर्डला येतात तेव्हा त्यांना मी सलाईनचं गणित तोंडी विचारते. पाचशे मिली, आठ तास, वीस थेंबांचा सेट. ‘मिनिटाला एकवीस’ असं उत्तर आलं की ‘शाब्बास’ म्हणून सोडत नाही. हृदय कमजोर असलेल्या पेशंटला बाटली दोन तासांत गेली तर काय होईल, तेही सांगायला लावते.

परवा त्यातलीच एक मुलगी घुटमळत आली. “मॅडम, सात नंबरच्या आजी जरा वेगळ्या वाटतायत.”

“वेगळ्या म्हणजे?”

“सकाळी मुलाला नावाने हाक मारत होत्या, आता तो कोण तेच विचारतायत. श्वास अठ्ठावीस आहेत. पूर्ण मिनिट मोजले.”

मी जाऊन पाहिलं, डॉक्टरांना कळवलं. छातीत संसर्ग पसरत होता. ऑक्सिजन आणि अँटिबायोटिक लगेच सुरू झालं. मुलगी नोट्स लिहायला बसली तेव्हा म्हटलं, कुणाच्या लक्षात आलं तेही लिही, आणि खाली सही कर.

“पण मी तर स्टुडंट आहे, मॅडम.”

“मग पुढे ‘स्टुडंट’ लिही. शेजारी मी करते माझी. आण तो पेन.”